शेतातले यंत्र आणि शाळेतला ताण

ऊसतोडीला माणसे जाणाऱ्या मुलखात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर उमेदीची वर्षे काढलेल्या शिक्षकाला शेतीतला बदल आधी हजेरीपटावर दिसतो, वर्तमानपत्रात तो नंतर येतो. कोणत्या महिन्यात कोणत्या वस्तीची मुले कमी होतात, मुली कितव्या इयत्तेनंतर यायच्या थांबतात, दाखला कोणत्या गावासाठी मागितला जातो, पालकसभेला कोण येते आणि कोण येईनासे होते, हे सारे शेतातल्या कामाशी बांधलेले असते. तरीही आपल्याकडे शेतीचे यांत्रिकीकरण हा कृषी खात्याचा विषय मानतात आणि शिक्षकांवरचा ताण हा मानसशास्त्राचा. पहिल्या विषयात चर्चा होते अनुदानाची आणि एकरी खर्चाची. दुसऱ्यावर उपाय सुचवले जातात ते ध्यानधारणेचे, समुपदेशनाचे आणि प्रेरणादायी व्याख्यानांचे. या दोन विषयांना जोडणारी वाट आम्ही शिक्षक रोज तुडवतो. नोकरीतल्या अनुभवाने आणि वाचनाने माझे मत असे बनले आहे, की ग्रामीण शिक्षकाच्या ताणाचा मोठा भाग शाळेच्या बाहेर जन्माला येतो. शेतीतल्या बदलाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. बदलाचा लाभ ज्यांना झाला त्यांच्याकडून ती वसूल झाली नाही, म्हणून ती मजुराच्या मुलावर पडली, आणि त्या मुलाचा जाब मात्र शिक्षकाला विचारला जातो.

हा बदल ऊसतोडणी यंत्रापासून सुरू झालेला नाही. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली आणि तिच्यामागोमाग सालगडीही गेला. पाडव्याला साल ठरवण्याची ती पद्धत विषम होती, बहुतेक ठिकाणी जातीच्या उतरंडीवर उभी होती, आणि ती संपल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेत मालकाला मजुराचे कुटुंब बारा महिने गावात लागत होते. नांगरटीची इर्जिक, लहान शेतकऱ्यांची आपसातली सावड यांत माणसाला माणसाची गरज होती. मळणीयंत्राने खळे संपवले, तणनाशकाने खुरपणी कमी केली, आणि खुरपणी ही प्रामुख्याने बायकांच्या मजुरीची होती. यातली प्रत्येक पायरी शेतकऱ्याने गरजेपोटी चढली. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही; भाड्याचा ट्रॅक्टर दोन-तीन तासांत काम उरकतो. म्हणून या लेखात शेतकऱ्याला आरोपी करण्याचा हेतू नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की मजूर कुटुंब गावात राहण्याचे कारण यंत्रागणिक कमी होत गेले आणि त्या कुटुंबाच्या मुलांची शाळा मात्र गावातच राहिली.

याच काळात शाळेतली पालकांची रचनाही बदलली. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आला, ज्याच्या हाती थोडा पैसा खुळखुळू लागला, त्याची मुले व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली. गावच्या शाळेत उरली ती भूमिहीनांची, अल्पभूधारकांची आणि तोडणी मजुरांची मुले. पूर्वी मालकाचा आणि गड्याचा मुलगा एकाच वर्गात बसत, तेव्हा गळक्या छताची तक्रार करायला सरपंच स्वतः पंचायत समितीत जात असे, कारण त्याचाही नातू त्या छताखाली असे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. कल्पना उत्तम आहे. पण ज्या गावात निम्मे पालक दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडत असतात, तिथे ही समिती अर्धे शैक्षणिक वर्ष कागदावर चालते. शाळेच्या बाजूने बोलणारा माणूस गावात उरत नाही आणि ते बोलणेही शिक्षकाच्या वाट्याला येते.

शेतीची रचना आणि शाळेची प्रकृती यांचा संबंध दाखवणारा एक जुना अभ्यास इथे आठवतो. १९४०च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील आर्विन आणि दिनूबा या दोन गावांची तुलना केली. दोन्ही गावांचे शेती उत्पन्न साधारण सारखे होते. आर्विनभोवती मजुरांच्या बळावर चालणारी मोठी शेते होती, दिनूबाभोवती लहान कौटुंबिक शेते. दिनूबात चार प्राथमिक शाळा आणि एक हायस्कूल होते. आर्विनमध्ये एकच प्राथमिक शाळा होती. आर्विन हे गाव वयाने नवे होते, म्हणून तिथे संस्था कमी होत्या, असा आक्षेप या अभ्यासावर घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. आपली गावे तर शेकडो वर्षे जुनी आहेत, त्यामुळे त्या निष्कर्षाची नक्कल इथे करता येणार नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न आपल्याही कामाचा आहे: पीक तेवढेच निघत असताना ते कोणत्या पद्धतीने निघते, यावर गावातली शाळा किती सशक्त राहील हे ठरते का? बीड, जालना, परभणी किंवा पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात काम केलेला शिक्षक या प्रश्नाला ‘हो’ म्हणेल.

ऊसतोडीची व्यवस्था पाहिली की हे स्पष्ट होते. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. उचल फिटेपर्यंत कोयता कारखान्याच्या हद्दीत बांधलेला असतो, आणि त्याच्यासोबत मुलेही पालावर जातात. राज्याने या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने काही उपाय केले: कारखान्यांवरच्या साखरशाळा, गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड, आणि अलीकडे संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहे. त्रुटी असूनही या उपायांनी मुले वाचवली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र हे सारे उपाय एका गृहीतकावर उभे आहेत. माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास जातील आणि उन्हाळ्यात परततील, हे ते गृहीतक. तेच आता डळमळू लागले आहे.

कारखान्यांची गाळप क्षमता वाढल्याने हंगाम आखूड होत चालला आहे. मजूर मिळत नाहीत, उचल बुडते, ही कारखान्यांची आणि वाहतूकदारांची तक्रार जुनी आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तरी मजुरांची टंचाई संपली नाही. यावर उत्तर म्हणून राज्याने २०२३ साली ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आणली: ९०० यंत्रे, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान. यंत्राची किंमत एक कोटीच्या घरात जाते, त्यामुळे ते घेणारा वर्ग ठरलेला आहे. यंत्राला साडेचार-पाच फुटांची रुंद सरी लागते, सलग मोठे रान लागते, फडात वळायला जागा लागते. म्हणून चांगल्या, सपाट, मोठ्या फडात यंत्र शिरते आणि लहान, वेडेवाकडे, चिखलाचे, पडलेल्या उसाचे रान कोयत्याकडे राहते. मजुराची कमाई टनावर असते. जिथे टन लवकर भरतात ते रान यंत्राने घेतले की तेवढ्याच मेहनतीत कमाई घटते. शिवाय हाताने तोडताना निघणारे वाढे मजुराच्या जनावरांना होते, काही विकूनही चार पैसे मिळत. यंत्र ते बारीक करून फडातच टाकते. आखूड हंगामात उचल फिटली नाही, तर कुटुंब गावी परतण्याऐवजी वीटभट्टीकडे, पुण्याच्या बांधकामांकडे, द्राक्षबागांकडे वळते. यंत्रामुळे स्थलांतर थांबलेले नाही. त्याला पूर्वी असलेला ताल मात्र राहिला नाही.

शाळेच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे. सहा महिन्यांच्या ठरलेल्या गैरहजेरीसाठी वसतिगृह उघडता येते, परतल्यावर जादा वर्ग घेता येतो. डिसेंबरात गेलेले मूल फेब्रुवारीत येईल, पुन्हा मार्चात जाईल, की शहरातच राहील, हे ठाऊक नसेल तर कशाचीच आखणी होत नाही. शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात, म्हणजे गाव अजून भरलेले असतानाची. त्या दिवशी आधार जुळलेली मुले मोजली जातात. ज्याचे आधार जुळले नाही ते मूल वर्गात बसलेले असूनही हिशेबात येत नाही. पट घसरला की पद जाते, आणि पद गेले की उरलेल्या शिक्षकाकडे आणखी दोन वर्ग येतात. मग अध्ययनस्तराची चाचणी होते. वर्षातले चार-पाच महिने पालावर काढलेल्या मुलाचे वाचन आणि सलग शाळेत बसलेल्या मुलाचे वाचन एकाच तक्त्यात मांडले जाते. तक्ता लाल दिसला की खुलासा मागितला जातो तो शिक्षकाकडून. तोडणीचे वेळापत्रक ठरवणाऱ्या शेतकी अधिकाऱ्याला, उचल देणाऱ्या मुकादमाला किंवा यंत्राचे अनुदान मंजूर करणाऱ्या कार्यालयाला त्या मुलाच्या वाचनाबद्दल कुणी विचारत नाही.

ताणाच्या शास्त्राने याचे स्पष्टीकरण फार पूर्वी दिले आहे. रॉबर्ट करासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ साली मांडले, की नुसत्या भरपूर कामाने माणूस खचत नाही. कामाच्या मागण्या मोठ्या आणि ते काम कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याचा अधिकार लहान, अशी जोडी जमली की मनावरचा ताण सर्वाधिक होतो. अधिकारही मोठा असेल, तर तेच अवघड काम माणसाला वाढवते. ग्रामीण शिक्षकाची अवस्था या मांडणीत नेमकी बसते. मूल टिकवा, शिकवा, खाऊ घाला, त्याची नोंद पोर्टलवर करा, त्याचा आधार दुरुस्त करून आणा, शाळाबाह्य असेल तर शोधून काढा, या मागण्या आहेत. पण मुलाच्या कुटुंबाला गावात थांबवण्याचा, चाचणीची तारीख त्याच्या परतण्याशी जुळवण्याचा किंवा एखादी नोंद निरर्थक ठरवून सोडून देण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. मतदार यादीचे काम मात्र निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर चालू राहते आणि नव्या योजनांची माहिती भरणे ‘शैक्षणिक’ ठरवले जाते. त्यात आता सेवासुरक्षेची चिंता मिसळली आहे: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी अनिवार्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ रोजी आला.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि गावात तो तोंडावरच ऐकवला जातो: शिक्षकाला वेतन आयोगाचा पगार आहे, उन्हाळी सुट्टी आहे, फडात कोयता चालवणाऱ्या बाईसमोर त्याने ताणाची भाषा करू नये. या बोलण्यात न्यायाची भावना आहे आणि मी ती नाकारत नाही. शिक्षकाच्या आणि ऊसतोड मजुराच्या कष्टांची बरोबरी होऊच शकत नाही. पण ताणाचा विचार कुणाचे दुःख मोठे हे ठरवण्यासाठी करायचा नसतो. खचलेला शिक्षक शांतपणे कमी शिकवतो, आणि त्याची किंमत त्या बाईचेच मूल मोजते. ज्याच्याकडे पैसा आहे तो शिकवणी लावतो. जिच्याकडे नाही तिच्या मुलाला वर्गातले ते पाच तासच मिळतात. म्हणून शिक्षकाच्या ताणाचा प्रश्न मजुराच्या बाजूने विचारला तरी तो तितकाच महत्त्वाचा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यंत्र ही मुक्ती आहे. पहाटेच्या थंडीत फडात उतरणे, डोक्यावर मोळ्या वाहणे, गरोदरपणातही काम करणे, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपर्यंत गेलेले बायकांचे हाल, या जगण्याचे रक्षण कशासाठी करायचे? कोयता जोडीचा असल्याने मुलीच्या लग्नाचीही घाई होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील, अठरा वर्षांआधी लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात ते ४३.७ टक्के होते. कोयता गेला तर सातवी-आठवीतल्या मुलीच्या लग्नाचे एक कारण जाईल. मला हा युक्तिवाद पूर्ण मान्य आहे. ऊसतोडीचे कष्ट यंत्राने करावेत असेच मला वाटते. पण मुक्ती आपोआप येत नाही. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात टोमॅटो काढणीचे यंत्र आले, तेव्हा अँड्र्यू श्मिट्झ आणि डेव्हिड सेकलर या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली त्याचा हिशेब मांडला. विस्थापित मजुरांना भरपाई देऊनही समाजाला नफा उरेल एवढी बचत यंत्राने झाली होती. भरपाई मात्र दिली गेली नाही. यंत्र फायद्याचे आहे हे सिद्ध झाल्याने फायदा कुणाला पोचला हे सिद्ध होत नाही. कामच गेलेल्या घरातली मुलगी शाळेत येईल, की खर्च वाचवण्यासाठी आणखी लवकर उजवली जाईल, हे त्या घराला त्या वर्षी काय आधार मिळतो यावर अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच क्षेत्रातून येतो. मनापासून काम करणाऱ्या शिक्षकाला परिस्थिती अडवत नाही, असे सांगून सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे उदाहरण दिले जाते. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण एखाद्याच्या असामान्य कर्तृत्वावर हजारो शाळांची व्यवस्था उभी करता येत नाही. सामान्य कुवतीच्या, प्रामाणिक माणसाला नीट काम करता यावे अशी रचना करणे हे शासनाचे काम आहे. असामान्य शिक्षकांची उदाहरणे आम्हाला बळ देतात. ती आम्हाला जाब विचारण्यासाठी वापरली गेली, की तेच उदाहरण ओझे होते. नोंदी हव्यात, उत्तरदायित्व हवे, हेही खरे आहे. स्थलांतरित मूल शोधायचे तर नोंद लागणारच. प्रश्न ती कुणी आणि किती वेळा करायची हा आहे. केंद्रशाळेच्या पातळीवर एक लिपिक दिला आणि एकदा भरलेली माहिती सर्व कार्यालयांनी वापरली, तर पारदर्शकता तसूभरही कमी होणार नाही.

मग करायचे काय? शेतीचे यांत्रिकीकरण ठरवताना शाळा त्या आराखड्यात असली पाहिजे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि शासनाकडून तेवढीच रक्कम, अशी तरतूद ठरलेली आहे. ती गाळपाच्या टनावर असल्याने ऊस हाताने तोडला की यंत्राने, याने फरक पडत नाही. म्हणजे यंत्रे वाढली तरी निधी आटण्याचे कारण नाही. धोका वेगळाच आहे: ज्याचे तोडणीचे काम सुटले तो ‘ऊसतोड कामगार’ या व्याख्येतूनच सुटेल आणि नेमक्या गरजेच्या वर्षी त्याची मुले योजनेबाहेर जातील. म्हणून तोडणी सुटल्यानंतरही काही वर्षे त्या कुटुंबाचा हक्क टिकला पाहिजे आणि निधीचा ठरावीक वाटा मुलांच्या शिक्षणासाठी राखला गेला पाहिजे. वसतिगृहे हंगामी न ठेवता बारमाही केली पाहिजेत, कारण स्थलांतर आता हंगामी राहिलेले नाही. स्थलांतराच्या तालुक्यांत शिक्षकपदे एका दिवसाच्या पटावर न ठरवता तीन वर्षांच्या सरासरीवर ठरवावीत, आणि मुलाची प्रगती मोजताना ते किती दिवस शाळेत होते हे त्या तक्त्यातच लिहिलेले असावे.

यातले काहीच अशक्य नाही. एका यंत्रामागे ३५ लाखांपर्यंत रक्कम देताना त्या यंत्राने ज्यांचे काम जाईल त्यांची मुले कुठे शिकतील, हा प्रश्न मंजुरीच्या टेबलावर ठेवायला कायदा बदलावा लागत नाही. तो प्रश्न तिथे विचारला जात नाही, म्हणून तो आमच्या वर्गात येतो आणि उत्तर देण्याचे कोणतेही साधन हाती नसलेल्या माणसाकडे उत्तर मागतो. शिक्षकांना योगाचे वर्ग जरूर द्यावेत. त्याने पाठीचे दुखणे कमी होईल. पण मूल सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला त्यासाठीचा अधिकार, माणसे आणि पैसा दिल्याशिवाय मनाचे दुखणे जाणार नाही, आणि तो पैसा यंत्राने वाचवलेल्या पैशातूनच आला पाहिजे.